थरथरीमागचे डोपामिन

हात थरथरतो म्हटल्यावर मेंदूविकारतज्ज्ञ आधी विचारतात, तो कधी थरथरतो? मनोरीच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या वयस्क मच्छीमाराची बोटे जाळे विणताना थरथरत असतील, बशी तोंडाशी नेताना चहा हिंदकळत असेल, पण मांडीवर ठेवलेला हात स्वस्थ असेल, तर तो बहुधा ‘इसेन्शियल ट्रेमर’. हात रिकामा असतानाच थरथरतो, चालताना एक हात झुलत नाही, अक्षर बारीक होत जाते, ही लक्षणे पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची. अनुभवी डॉक्टरांना बहुतेकदा एवढे पुरते. काहींच्या बाबतीत मात्र दोन्हींची सरमिसळ असते आणि एमआरआयही अनेकदा नॉर्मल येतो, कारण त्यात मेंदूची रचना दिसते, रसायन दिसत नाही. डोपामिनचा स्कॅन अशा माणसांसाठी आहे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर भागातल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि त्यांचे तंतू वरच्या ‘स्ट्रायटम’पर्यंत पोहोचतात. वापरून झालेले डोपामिन परत आत ओढून घेणारी प्रथिने या तंतूंच्या टोकांवर असतात. शिरेतून दिलेले किरणोत्सारी औषध नेमके त्यांनाच चिकटते. तंतू शाबूत असतील तर पडद्यावर दोन ठसठशीत स्वल्पविराम उमटतात. पार्किन्सनमध्ये त्यांच्या शेपट्या आधी पुसट होतात, बहुधा एका बाजूच्या जास्त, आणि शेवटी दोन ठिपके उरतात.

जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामिन 1983 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात फ्लोरिन-18 जोडलेल्या डोपाच्या साहाय्याने पहिल्यांदा दिसले. पुढे अमेरिकेत आयोडीन-123 वर चालणारा डॅटस्कॅन रूढ झाला; तिथे त्याला 2011 मध्ये मान्यता मिळाली. पण हे आयोडीन सायक्लोट्रॉनमध्ये बनते आणि सुमारे 13 तासांत निम्मे होते. दूरच्या देशातून ते वेळेत आणणे महागात पडते. म्हणून आपल्याकडे ट्रोडॅट रुजला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हँक कुंग यांच्या गटाने घडवलेल्या या औषधाची माणसांतली पहिली चित्रे 1996 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले टेक्नेशियम-99एम सहा तासांत निम्मे होत असले, तरी ते रुग्णालयातल्या जनरेटरमधून रोज काढता येते. कॅमेराही हाडे, हृदय आणि मूत्रपिंडे तपासण्यासाठी आधीपासून असलेला गॅमा कॅमेराच.

मुंबईला ही विद्या नवी नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला 1963 पासून आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये तिथेच सुरू झाला. पार्किन्सनचा मागही या शहराने लवकर घेतला. भरूचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वसाहतींतल्या 14,010 पारशांची पाहणी केली. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे उत्तर होते, लाखात सुमारे 328 रुग्ण. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे, हे हा आकडा वाचताना लक्षात ठेवावे लागते.

ट्रोडॅटला जवळजवळ अख्खा दिवस जातो. इंजेक्शननंतर साधारण चार तास थांबायचे, मग कॅमेरा डोक्याभोवती फिरत असताना अर्धा-पाऊण तास निश्चल पडायचे. मनोरीकराला त्याआधी मार्वेची फेरीबोट, मालाड स्टेशन आणि लोकल. घरचे कुणी सोबत हवेच.

एवढे करून या स्कॅनला एकाच प्रश्नाचे उत्तर देता येते: डोपामिनचे तंतू झडले आहेत की नाहीत? इसेन्शियल ट्रेमरमध्ये तो नॉर्मल येतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने, चक्करीवरच्या सिनारिझिनने किंवा काही मानसिक आजारांवरच्या औषधांनी आलेल्या थरथरीतही तो सहसा नॉर्मलच येतो आणि इथे त्याचा फार मोठा उपयोग होतो: नको असलेली पार्किन्सनची गोळी टळते आणि खरा दोषी सापडतो. पार्किन्सन आणि त्याच्यासारखे दिसणारे पीएसपी किंवा एमएसए हे आजार मात्र त्याला एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. लक्षणे स्पष्ट असताना केवळ खात्रीसाठी हा खर्च करणे योग्य नाही.

तेव्हा घरात कुणाचा हात थरथरू लागला, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. चकरेची आणि उलटीची गोळी विसरू नका.