चौदापदरी रस्त्याच्या कडेचे अडीच मीटर

दिल्लीत रस्त्याचे उद्‌घाटन हा राजकीय सोहळा असतो आणि त्याची देखभाल हा खात्याखात्यांतील पत्रव्यवहाराचा विषय असतो. मयूर विहारला लागून जाणाऱ्या दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गाच्या कडेला सायकलमार्ग व पदपथ बांधण्यात आला, त्याची कहाणी या दोहोंच्या मधल्या जागेत घडली आहे. २७ मे २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या मार्गाच्या पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन केले आणि उघड्या मोटारीतून त्यावर फेरीही मारली. निजामुद्दीन पूल ते उत्तर प्रदेशची सीमा एवढाच हा टप्पा, लांबीने साडेआठ किलोमीटरांहूनही कमी. मधोमध सहापदरी द्रुतगती मार्ग, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार पदरांचा जुना महामार्ग, असे एकूण चौदा पदर. आणि दोन्ही कडांना अडीच मीटरांचा सायकलमार्ग व दीड मीटरचा पदपथ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या खात्याने त्या वेळी जी वैशिष्ट्ये सांगितली, त्यांत हा सायकलमार्ग होता. पण तो बसवला गेला होता यमुनेच्या पुलावरील उभ्या बागेच्या आणि सौरदिव्यांच्या पंगतीत. म्हणजे शोभेच्या वस्तूंत त्याची गणना झाली, वाहतुकीच्या हिशेबात तो धरला गेला नाही.

हा रस्ता मूळचा शहराचा नव्हे. दिल्लीहून हापुड, मुरादाबाद, बरेलीमार्गे लखनौकडे जाणारा तो राष्ट्रीय महामार्ग २४. नव्या क्रमवारीत त्याला ९ हा क्रमांक मिळाला. यमुना ओलांडली की दोन्ही अंगांना चिल्ला, कोटला, पटपडगंज, मंडावली, खिचडीपूर, दल्लूपुरा अशी गावे आणि त्यांची शेते होती. आणीबाणीच्या काळात, १९७५-७६ मध्ये, शहरातील झोपडपट्ट्या उठवून त्रिलोकपुरी, कल्याणपुरी या पुनर्वसन वसाहती येथे आणून बसविण्यात आल्या. त्यानंतर दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या व मयूर विहार हा पत्ता रूढ झाला. सरकारी नोकरीनिमित्त राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांनाही तो परका नाही. २००९ च्या नोव्हेंबरात मेट्रो आली आणि केंद्रीय सचिवालयात जाणाऱ्या बाबूची सोय झाली. त्रिलोकपुरीहून ओखल्याच्या वा नोएडाच्या कारखान्यात जाणाऱ्या मजुराचा प्रवास मात्र आजही बराचसा पायांवर आणि पायडलवर चालतो. गावाचा रस्ता महामार्ग झाला, महामार्गाचा द्रुतगती मार्ग झाला, पण त्यावरून रोज जाणाऱ्या गरीब माणसाने आपली वाट बदललेली नाही. बदलायला त्याच्यापाशी दुसरी वाट नाही.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा याच रस्त्यावरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या स्थलांतरितांचे तांडे उत्तर प्रदेशच्या सीमेकडे चालत गेले. ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. पुढे त्याच वर्षाच्या नोव्हेंबरापासून वर्षभर गाझीपूरच्या सीमेवर शेतकरी आंदोलकांनी ठाण मांडले. देशाच्या राजधानीचे प्रवेशद्वार म्हणून बांधलेल्या या रस्त्याची खरी ओळख अशी दोनदा पायी चालणाऱ्यांनी व रस्त्यावर बसणाऱ्यांनी करून दिली, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

आता मुद्दा असा की, अडीच मीटर रुंदी कमी आहे काय? कागदावर तरी नाही. सायकलमार्गाची रुंदी किमान दोन मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ च्या मानकांतच सांगून ठेवले आहे. पदपथाचे गणित मात्र तेथेच चुकले. त्याच संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूत्रांनुसार अडथळाविरहित पदपथ किमान १.८ मीटरचा हवा. येथे तो दीड मीटर आहे. दिव्याचा खांब, फलक आणि झाडाचे आळे यांची जागा त्यातून वजा केली की समोरासमोर आलेल्या दोन माणसांपैकी एकाला सायकलमार्गावर उतरावे लागते. तो उतरतोच. मग सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरतो, आणि ज्या कारणासाठी हे सारे बांधले, ते कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट नकाशावर दिसत नाही. सायकलमार्ग दोन्ही कडांना आहे, तेव्हा प्रत्येक कडेने एकाच दिशेची ये-जा होईल, असे गृहीत धरलेले असते. परंतु चौदा पदर ओलांडणे ही सायकल हाती असलेल्या माणसाला साधणारी गोष्ट नाही. पादचारी पुलाच्या पायऱ्या सायकल खांद्यावर घेऊन कोण चढणार? भुयारी मार्ग किंवा उड्डाणपुलाखालचा चौक गाठायचा तर मोठा वळसा पडतो. तेव्हा कल्याणपुरीचा माणूस ज्या कडेने गेला त्याच कडेने उलट्या दिशेने परत येतो. वाहतूक पोलिसाच्या भाषेत तो 'राँग साइड'. व्यवहाराच्या भाषेत तो रस्त्याच्या रचनेने घडविलेला माणूस. एकेरी म्हणून आखलेला मार्ग अशा रीतीने पहिल्याच दिवसापासून दुहेरी होतो. त्यात द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी. त्या साऱ्या बाजूच्या चार पदरांत येतात आणि कोंडी झाली की मोटारसायकल सायकलमार्गावर चढते. ती चढू नये म्हणून खांब रोवले तर मालवाहू सायकल रिक्षा आणि हातगाडी अडते. उद्‌घाटनानंतर थोड्याच काळात या मार्गावरील अतिक्रमणांच्या आणि त्यावर धावणाऱ्या मोटारसायकलींच्या बातम्या दिल्लीच्या वृत्तपत्रांत येऊ लागल्या, त्यात नवल काहीच नव्हते.

अशा ठिकाणी सायकल व पादचारी यांना दोन स्वतंत्र पट्ट्या द्याव्यात की दोघांसाठी एकच रुंद, सामाईक वाट असावी, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात लोकवस्तीचा प्रश्न आहे. ब्रिटनच्या परिवहन खात्याने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत गजबजलेल्या शहरी रस्त्यावर सामाईक वाट हा शेवटचा पर्याय मानला आहे; पण गावांना जोडणाऱ्या वर्दळीच्या रस्त्यांच्या कडेला, जेथे पायी चालणारे तुरळक असतात, तेथे तीन मीटरांची सामाईक वाट योग्य ठरवली आहे. मयूर विहारजवळचा रस्ता या दोन्ही वर्णनांत अर्धा अर्धा बसतो. मंडावली आणि कल्याणपुरीच्या समोर माणसांची रीघ असते. तेथे वेगळा आणि रुंद पदपथ हवा. यमुनेच्या पुलाकडे पायी जाणारे थोडे; तेथे अडीच आणि दीड मिळून होणारे चार मीटर एकसंध ठेवून दुहेरी सामाईक वाट केली असती, तर पैसा तेवढाच लागला असता आणि उपयोग दुप्पट झाला असता. पण कोठे माणसे अधिक आणि कोठे सायकली अधिक, याची मोजणी करून आखणी बदलायची तर मोजणी करणारा कोणीतरी लागतो. आखणी एकाच छेदचित्रावर झाली आणि ते छेदचित्र निजामुद्दीनपासून सीमेपर्यंत ओढले गेले.

येथून राजकारणाचा भाग सुरू होतो. राजधानीत सायकलमार्गाला पक्ष असतो. शीला दीक्षित यांच्या काळात २००८ मध्ये आंबेडकरनगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बीआरटी मार्ग सुरू झाला. त्यात बसबरोबर सायकलींसाठीही स्वतंत्र पट्टी होती. त्याची मूळ कल्पना दिल्ली आयआयटीतील दिनेश मोहन आणि गीतम तिवारी या तज्ज्ञांची. मोटारवाल्यांचा रोष इतका की प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१२ मध्ये बीआरटीच्या बाजूने कौल दिला, तरी २०१५ मध्ये अरविंद केजरीवाल सरकारने तो मोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये तो मोडलाही. सीमेपलीकडे, उत्तर प्रदेशात, अखिलेश यादव यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग सुरू केला. ग्रामीण रस्त्यांच्या कडेने एवढ्या लांबीचा मार्ग ही एरवी कौतुकाची गोष्ट. पण समाजवादी पक्षाचे निवडणूक चिन्ह सायकल. २०१७ मध्ये सत्तांतर होताच राज्यातील सायकलमार्ग उखडण्याची भाषा सुरू झाली. एका राज्यात सायकलमार्ग मोटारवाल्यांच्या रोषाला बळी पडला, दुसऱ्यात निवडणूक चिन्हाच्या वैराने त्याला घेरले. मयूर विहारचा सायकलमार्ग कोणीही मोडला नाही. त्याला कोणी शत्रू नव्हता, तसा वालीही नव्हता.

वाली नसण्याचे कारण दिल्लीच्या कारभाराच्या घडणीत आहे. महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाचा, त्याला मिळणारे रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे, वसाहतींतील गल्ल्या महापालिकेच्या, मोकळी जमीन विकास प्राधिकरणाची, वाहतूक पोलीस केंद्रीय गृहखात्याचे आणि यमुनेकाठच्या काही जमिनी चक्क उत्तर प्रदेशच्या पाटबंधारे खात्याच्या. मोटारीला या हद्दी जाणवत नाहीत, कारण डांबर सलग असते. सायकलवाल्याला प्रत्येक हद्द जाणवते. कोठे फूटभर उंचीचा कठडा, कोठे उघडे गटार, कोठे वाट अचानक संपून समोर बसथांबा. ज्या अधिकाऱ्यांनी अशा प्रकरणांत टिपणे लिहिली आहेत, त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

गडकरी यांच्याविषयी मराठी वाचकाला आपुलकी आहे आणि ती अनाठायी नाही. पण १९९५ ते ९९ या काळात राज्याचे बांधकाम मंत्री असताना त्यांनी हाती घेतलेली कामेही आठवावीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबईतील ५५ उड्डाणपूल यांनी मोटारीला वेग दिला. पायी चालणाऱ्याला २००८ पासून स्कायवॉकवर चढविण्याचे प्रयोग करावे लागले. सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात तर सायकलमार्ग बांधले गेले आणि सायकलीच कमी झाल्या. हा दोष एका मंत्र्याचा म्हणता येणार नाही. किलोमीटरांत मोजले जाणारे काम आपल्याकडे लवकर होते आणि माणसांत मोजावे लागणारे काम मागे राहते. त्याच गडकरी यांच्या खात्याने प्रसिद्ध केलेले आकडे सांगतात की, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. दिल्लीत तर पादचाऱ्यांचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. सदोष रस्तारचनेबद्दल कंत्राटदार व यंत्रणा यांना दंड करण्याची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आहे. तिची कमाल मर्यादा एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या निविदेपुढे ही रक्कम काय आहे, हे वेगळे सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र अलीकडे या विषयात हात घातला आहे. न्या. अभय ओक निवृत्त होण्यापूर्वी काही दिवस, मे २०२५ मध्ये, त्यांच्या पीठाने वापरण्यायोग्य पदपथ हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसऱ्या पीठाने राज्यांना पादचारी व बिगरमोटार वाहनांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. सायकलमार्गावर मोटारसायकल चढली तर गुन्हा कोणता आणि कारवाई कोणाची, हे अशा नियमांतच ठरू शकते.

राजकीय सबबही आता उरलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भाजपचे सरकार आले, एप्रिलमध्ये महापौरपदही त्या पक्षाकडे गेले. पूर्व दिल्लीचे खासदार हर्ष मल्होत्रा २०२४ च्या जूनमध्ये रस्ते वाहतूक खात्याचेच राज्यमंत्री झाले. केजरीवाल आणि नायब राज्यपाल यांच्या भांडणात फायली अडकत, असे सांगण्याची सोय संपली. उरला तो मतांचा हिशेब. गृहसंस्थांचे रहिवासी संघ लेखी तक्रार करतात, शिष्टमंडळ नेतात आणि त्यांना सकाळच्या फेरफटक्याची वाट हवी असते. त्रिलोकपुरीचा सायकलवाला मतदान हमखास करतो. पण त्याने सायकलमार्ग मागितल्याचे कोणत्याही प्रचारसभेत ऐकू येत नाही. तो वीज, पाणी आणि घराचा कागद मागतो, कारण त्याच्या यादीत जीव सांभाळणे ही स्वतःची जबाबदारी असते.

मयूर विहारच्या वाट्याला आणखी एक रस्ता येऊ घातला आहे. सराय काले खाँ येथून यमुना ओलांडून मयूर विहारला उतरणाऱ्या बारापुला उन्नत मार्गाच्या तिसऱ्या टप्प्याचे काम २०१५ मध्ये सुरू झाले. साडेतीन किलोमीटरांचे हे काम २०१७ मध्ये संपायचे होते. भूसंपादनात व झाडांच्या परवानगीत ते वर्षानुवर्षे रेंगाळले. या रस्त्याचा पूर्वेकडील पायथा दिल्ली सरकारच्या बांधकाम खात्याच्या हद्दीत आहे. तेथून चिल्ल्याकडे आणि नोएडाच्या सीमेकडे जाणारा सायकलवाला उतरत्या मोटारींच्या लोंढ्याला कोठे छेद देणार, हे पायथ्याचा चौक बांधतानाच ठरते. मोटारी सुरू झाल्यावर तो चौक पुन्हा कोणी खणणार नाही.