कुत्र्याच्या खाद्याची पिशवी फेकू नका

खरिपाची ज्वारी काढणीला यावी आणि नेमका परतीचा पाऊस गाठावा, हे परभणी जिल्ह्याला नवीन नाही. कणसं ताटावरच भिजतात, दाण्यावर बुरशी चढते आणि मोंढ्यात काळी पडलेली हायब्रीड येते. भाव पडतो. मग ठरलेलं वाक्य येतं : माणसाला नाही, पण जनावराला चालते. त्याच हिशोबानं तिची भाकरी दारातल्या कुत्र्यापुढे पडते, आणि त्याच हिशोबानं खाद्याच्या धंद्यात हलका माल खपतो. कुत्र्याच्या खाद्याबद्दल जेवढे गैरसमज आहेत, त्यांत हा सगळ्यांत जुना आहे. माझ्या मते सगळ्यांत घातकही हाच आहे.

'जनावराला चालतं'

चालत नाही. बुरशी आलेल्या धान्यात बुरशीनं तयार केलेलं विष असतं. ते दिसत नाही आणि त्याला वेगळी चवही लागत नाही. मका, भुईमूग, सरकी यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ज्वारी-मक्यावरची फ्युझेरियम फ्युमोनिसिन तयार करते. अफ्लाटॉक्सिन थेट यकृतावर घाव घालतं, आणि कुत्रा या विषाला फार लवकर बळी पडतो.

याचा पुरावा शोधायला परदेशात जावं लागत नाही. १९७४ च्या पावसाळ्यानंतर गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागातल्या आदिवासी गावांत काविळीची विचित्र साथ आली. पोटात पाणी होऊन माणसं मरू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं तपास केला, तेव्हा ३९७ रुग्ण आणि १०६ मृत्यू मोजले गेले. कारण होतं घरातला मका. काढणीच्या वेळी तो पावसात भिजला होता आणि तसाच कणगीत गेला होता. त्या मक्यात किलोमागे ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. त्याच घरांतल्या कुत्र्यांनाही कावीळ आणि जलोदर झाला होता, तीही मेली होती, हे तेव्हाच्या वैद्यकीय नोंदींत आहे. मालक आणि कुत्रा एकाच कणगीतलं खात होते.

पुढे १९९५ मध्ये अवेळी पावसानंतर दख्खनच्या पठारावरच्या २७ गावांत बुरशीची ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि जुलाबाचा त्रास झाला. त्या वेळी धान्यात फ्युमोनिसिन निघालं. आपल्या हायब्रीडशी याचं नातं जवळचं आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी श्वेता'सारखं बुरशीला दाद न देणारं खरीप ज्वारीचं वाण काढलं, ते दाण्यावरच्या याच रोगासाठी.

भाजलं, दळलं, भाकरी थापली की दोष जातो, असंही सांगितलं जातं. बुरशी मरते, हे खरं. तिनं सोडलेलं विष मात्र तव्याच्या आचेला पुरून उरतं. 'घरचं खातो, म्हणून आमच्या कुत्र्याला भीती नाही' असं कुणी म्हणालं, की मला बांसवाड्यातल्या त्या कणग्या आठवतात. घरचं अन्न चांगलंच, पण धान्य निवडून आणि वाळवून घेतलेलं हवं. आणि त्या ताटात कांदा-लसूण नको. त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

'कारखान्यात एवढ्या उष्णतेत सगळं मरतं'

पिशवीतलं कोरडं खाद्य कसं तयार होतं, ते पाहिलं की हा समज कुठे खरा आणि कुठे खोटा, ते कळतं. मका, तांदूळ, गहू, सोयाबीनची पेंड, कोंबडीच्या मांसाची भुकटी हे सगळं दळून एकत्र करतात. वाफ आणि पाणी घालून ते मळतात. मग एका लांब नळीतून, स्क्रूच्या दाबाखाली, शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापमानात ते ढकललं जातं. नळीच्या तोंडाशी दाब एकदम सुटतो, दाणा फुगतो, पाती त्याचे तुकडे करते. नंतर ते वाळवून ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणतात आणि शेवटी वरून चरबी आणि चव आणणारा द्रव फवारतात.

त्या नळीत साल्मोनेलासारखे जंतू मरतात. पण फवारणी आणि भरणी त्यानंतर होते, आणि कारखाना अस्वच्छ असेल तर जंतू तिथे परत शिरतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या डायमंड कंपनीच्या दक्षिण कॅरोलायनातल्या कारखान्यातल्या कोरड्या खाद्यामुळे अमेरिका आणि कॅनडात मिळून ४९ माणसं आजारी पडली. आजारी माणसं पडली, हे मुद्दाम सांगतो, कारण कुत्र्याचं भांडं स्वयंपाकाच्या ओट्यावर धुणारी आणि खाद्याच्या डब्यात लहान मुलांना हात घालू देणारी घरं आपल्याकडेही कमी नाहीत.

अफ्लाटॉक्सिन मात्र त्या नळीत पूर्णपणे नष्ट होत नाही. याच डायमंड कंपनीला २००५ च्या डिसेंबरमध्ये अफ्लाटॉक्सिनमुळे माल परत बोलवावा लागला होता. तेव्हा सुमारे शंभर कुत्री दगावली. २०२० च्या अखेरीस मिडवेस्टर्न पेट फूड्सच्या 'स्पोर्टमिक्स' खाद्याबाबत पुन्हा तेच झालं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे ११० हून अधिक कुत्री मेल्याच्या आणि २१० हून अधिक आजारी पडल्याच्या नोंदी आल्या. तिथली मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे. काही नमुन्यांत ५५८ पर्यंत सापडलं.

म्हणजे कारखान्यातली कळीची जागा मक्याचा ट्रक उतरतो ती आहे. एका ट्रकमधल्या थोड्याच दाण्यांत विष एकवटलेलं असू शकतं. एका कोपऱ्यातून ओंजळभर नमुना घेतला, तर तो स्वच्छ निघेल आणि विष आत जाईल. कंपनीनं माल किती ठिकाणांहून आणि किती वेळा तपासला, हा प्रश्न पिशवीवरच्या चित्रापेक्षा महत्त्वाचा आहे.

'प्रथिनांचा आकडा मोठा, खाद्य चांगलं'

पिशवीवर लिहिलेली प्रथिनं प्रत्यक्ष मोजलेली नसतात. डॅनिश रसायनतज्ज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेल्या पद्धतीनं नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. म्हणून लेबलवर 'क्रूड प्रोटीन' असतं. नायट्रोजन डाळीतून आला की भलत्याच कशातून, हे या चाचणीला कळत नाही. ही फट माहीत असणाऱ्यांनीच २००७ चा अनर्थ घडवला.

त्या वर्षी १६ मार्चला कॅनडातल्या मेनू फूड्स कंपनीनं कुत्र्यामांजरांच्या ओल्या खाद्याचे सुमारे ६ कोटी डबे आणि पाकिटं परत बोलावली. चीनमधून आलेल्या 'गव्हाच्या ग्लुटेन'मध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन आहे. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनचा, त्यामुळे चिमूटभर घातलं तरी प्रथिनांचा आकडा चढतो. सोबत सायन्युरिक आम्लही होतं. ही दोन्ही मूत्रपिंडात एकत्र आली की त्यांचे खडे होतात आणि लघवीचे मार्ग तुंबतात. शंभराहून अधिक ब्रँडांना झळ बसली. त्यांत स्वस्त होते तसे नामांकितही होते, कारण अनेकांचा माल एकाच कारखान्यात, एकाच ग्लुटेनमधून बनत होता. महाग म्हणजे सुरक्षित, हा समज तिथेच संपायला हवा होता. पुढच्याच वर्षी चीनमध्ये दुधात तेच रसायन घातलं गेलं, सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, आणि भारतानं चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली. कुत्र्यांच्या मृत्यूंनी दिलेला इशारा वर्षभर आधीचा होता.

या प्रकरणातला एक धागा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. २००४ मध्ये आशियातल्या अनेक देशांत, थायलंडमध्ये बनलेलं खाद्य खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तेव्हा दोष बुरशीच्या विषाला दिला गेला आणि प्रकरण मिटलं. २००७ नंतर संशोधकांनी २००४ मधल्या मेलेल्या प्राण्यांच्या जपून ठेवलेल्या मूत्रपिंडाचे तुकडे पुन्हा तपासले. त्यांत तेच खडे होते. कुणी तरी ते नमुने जपले होते, म्हणून तीन वर्षांनी खरं कारण कळलं.

घटकांबद्दलच्या बाकीच्या शंका लवकर आटोपतात. 'बाय-प्रॉडक्ट' म्हणजे खुरं, शिंगं, केस नव्हेत. ते काळीज, फुफ्फुस, गुर्दा, आतडी असतात. वजडी मिटक्या मारत खाणाऱ्या आपण तरी त्याला नाक मुरडू नये. 'अ‍ॅश' म्हणजे मिसळलेली राख नव्हे, नमुना जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचं ते प्रमाण आहे. धान्य म्हणजे पोट भरायची भर, हेही खरं नाही. शिजवलेली पिष्टं कुत्र्याला पचतात. उलट धान्यविरहित, कडधान्यं भरपूर असलेल्या खाद्याचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेत २०१८ मध्ये सुरू झाली. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याइतकी माहिती नाही, असं २०२२ च्या अखेरीस तिथल्या प्रशासनानं सांगितलं.

'मग कच्चं मांसच बरं'

परभणीत हे म्हणताना मुरुंबा विसरू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या या गावात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या. नमुन्यांत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासचे पक्षी नष्ट करावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं मेले, तेव्हा खायला दिलेल्या कोंबडीवर संशय घेतला गेला. त्याच महिन्यात अमेरिकेत ओरेगॉनमध्ये मांजरांसाठीचं गोठवलेलं कच्चं खाद्य बर्ड फ्लूमुळे परत मागवलं गेलं. मांजरवर्गीय प्राण्यांना हा विषाणू कुत्र्यांपेक्षा जास्त झोंबतो, पण कुत्राही सुटत नाही. कोंबडी नीट शिजवली की विषाणू मरतो. तेवढं काम करायचं, आणि शिजवलेली हाडं मात्र काढून टाकायची, कारण ती फुटून आतड्यात रुततात.

'काही वाईट असतं, तर सरकारनं बंद केलं असतं'

इथे वाचकानं थांबावं, कारण आपल्या देशातली परिस्थिती त्याला वाटते तशी नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'अन्न' म्हणजे माणसाच्या खाण्यासाठीचा पदार्थ. पशुखाद्य त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेलं आहे. त्यामुळे माणसाच्या बिस्किटाच्या पुड्याला २०१७ चे माल परत बोलावण्याचे नियम लागू होतात, कुत्र्याच्या खाद्याला होत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचं कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे. पण मानक असलं म्हणजे गल्लीतल्या दुकानातली प्रत्येक पिशवी कुणी तरी तपासली, असं होत नाही. मला हे मनापासून खटकतं. १९७४ च्या साथीनं माणसाचं आणि कुत्र्याचं अन्न एकच असल्याचं दाखवून इतकी वर्षं झाली.

गायीम्हशींच्या वाटेनं तर हे विष थेट आपल्या पेल्यात येतं. अफ्लाटॉक्सिन असलेली पेंड खाल्लेल्या जनावराच्या दुधात त्याचं एम-१ हे रूप उतरतं. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं.

तरीही ग्राहकाचे हात अगदी रिकामे नाहीत. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार बंद पिशवीवर उत्पादकाचं नाव, पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला घातक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. सदोष मालाची भरपाई जिल्हा आयोगाकडे मागता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पण या सगळ्याला एक आधार लागतो : बॅच नंबर. परत बोलावला जातो तो बहुतेक वेळा ठराविक बॅचचा माल, सबंध ब्रँड नव्हे. आपण मात्र पिशवी आणली की खाद्य डब्यात ओततो आणि पिशवी फेकतो. सुट्टं, किलोवर मिळणारं खाद्य घेतलं, तर बॅच नंबर पहिल्यापासूनच नसतो. थोडे पैसे वाचतात, पण पुढे काही घडलं तर तक्रारीला बूड राहत नाही. म्हणून खाद्य त्याच पिशवीत ठेवावं आणि पिशवी डब्यात उभी करावी. पावसाळ्यात मोठी पिशवी आणू नये. आधीच्या उरलेल्या चुऱ्यावर नवीन खाद्य ओतू नये.

कुत्रा अचानक खाईनासा झाला, उलट्या करू लागला, सुस्त पडला, हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, तर ते खाद्य त्याच क्षणी बंद करावं. उरलेल्यातलं अर्धा किलो तरी बंद पिशवीत, कोरड्या जागी वेगळं काढावं, त्यावर तारीख टाकावी आणि मूळ पिशवीचा फोटो घ्यावा. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या माणसालाही तिथे कुत्रं नेणं अशक्य नाही. जाताना पिशवी सोबत न्यावी. यकृत बिघडलं की मूत्रपिंड, हे रक्त तपासून कळतं, पण कशानं बिघडलं याचं उत्तर पिशवीत असतं. मग उत्पादकाला लेखी कळवावं, दुकानदाराला सांगावं, म्हणजे त्याच बॅचची दुसरी पिशवी विकली जाणार नाही.

उरलेलं खाद्य 'वाया कशाला' म्हणून गल्लीतल्या कुत्र्यांना, कोंबड्यांना किंवा गोठ्यात घालू नये. नमुना काढून झाला की बाकीचं घट्ट बांधून, जनावरं उकरणार नाहीत इतकं खोल पुरावं.