यंत्रपेटींतील बहुपिनी कनेक्टर व द्राक्षबाग

निफाड, दिंडोरी व चांदवड या तालुक्यांतील द्राक्षबागांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक नवी वस्तु दिसूं लागली आहे. बांधालगत खांबावर एक लहानशी पेटी असते. तिच्यांतून निघालेल्या तारा पानांवरील ओलावा, हवेची उष्णता व दमटपणा, पाऊस आणि जमिनींतील ओल मोजणाऱ्या सेन्सरांपर्यंत जातात, व मिळालेले आंकडे मालकास घरबसल्या मोबाइलवर दिसतात. या यंत्रांच्या उपयुक्ततेविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु ज्या भागाच्या दोषामुळें तीं वारंवार खोटे आंकडे देतात, त्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. तो भाग म्हणजे बहुपिनी कनेक्टर होय.

पेटी उघडली असतां आंत सर्किट बोर्डाची हिरवी पाटी दिसते. तिच्या कडेस पिनांची एक रांग असते. दोन पिनांमधील अंतर बहुधा २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असतें. कांहीं बोर्डांवर तें याहूनही कमी असतें. सेन्सरांच्या तारा ज्या सॉकेटांत येतात, तें या पिनांवर बसतें, व त्यांतील लहान स्प्रिंग प्रत्येक पिनेस दाबून धरते. पिना पितळेच्या अथवा फॉस्फर ब्राँझच्या असून त्यांवर कथलाचा, किंवा महाग मालांत सोन्याचा, पातळ मुलामा असतो. दोन धातू एकमेकांस टेकलेल्या दिसल्या तरी वीज वाहते ती कांहीं सूक्ष्म बिंदूंतूनच. ते बिंदु मळले कीं सर्व व्यवहार अडला.

ओझर येथें १९६४ सालीं स्थापन झालेला विमानांचा कारखाना याच निफाड तालुक्यांत आहे. विमानांतही असेच अनेक पिनांचे कनेक्टर असतात. परंतु तेथें ते धातूच्या कवचांत, रबरी कड्यांनीं बंद व खटका लावून पक्के केलेले असतात. आपल्या पेटींतील साधा कनेक्टर मात्र मुळांत घरांत अथवा कचेरींत वापरण्याजोगा असतो, आणि आपण त्यास दंव, पाऊस व फवारणी यांच्या स्वाधीन करतों. भुरीसाठीं धुरळलेल्या गंधकामुळें तांब्यावर काळा थर चढतो. बोर्डो मिश्रणांतील क्षारांचा ओलसर लेप शेजारच्या दोन पिनांमधून वीज झिरपूं देतो, व तशा स्थितींत एक पीन हळूहळू खाल्ली जाऊन हिरवट क्षार जमतो. शिवाय वाऱ्यानें तारा हलल्या कीं कथलाचा मुलामा घांसला जातो, आणि त्याची काळसर भुकटी सांध्यांत साचते.

प्रस्तुत लेखकाच्या बागेंत एका वर्षीं ऑक्टोबर छाटणीनंतर जें घडलें तें येथें सांगणें अवश्य वाटतें. सकाळीं पानांवर दंव असल्याचें मीं स्वतः पाहिलें होतें. तथापि मोबाइलवर पानें रात्रभर कोरडीं असल्याचा आंकडा आला, म्हणून फवारणी पुढें ढकलली. आठवड्याभरांत पानांवर केवड्याचे तेलकट डाग दिसले, व पुढें कित्येक घड गेले. पेटी उघडली तेव्हां पानओलावा सेन्सराच्या पिनेवर हिरवा थर आढळला. नवें सॉकेट बसविण्यास लागलेला खर्च एका फवारणीच्या औषधाहूनही कमी होता.

यांतील मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. या सेन्सराच्या पट्टीवर पाणी पडलें कीं त्याचा विद्युत्‌-विरोध कमी होतो, व त्यावरून यंत्र पान ओलें समजतें. सांधा गंजला कीं विरोध वाढतो, आणि यंत्र पान कोरडें असल्याचें सांगतें. म्हणजे बिघाड हा शुभवार्तेच्या रूपानें येतो! उलट दोन पिनांमध्यें ओल शिरल्यास कोरडें पानही ओलें ठरतें व नको ती फवारणी होते. निर्यातीच्या मालांत औषधाचा अंश राहण्याचें भय तेथूनच सुरू होतें. विरोधावर चालणारा जमिनींतील सेन्सर सांधा खराब झाला असतां माती वाळल्याचें सांगतो, आणि काळ्या जमिनीस नाहक पाणी दिलें जातें. उष्णतामापक बहुधा २५ अंशांस दहा हजार ओहम विरोधाचा असतो. सांध्यांत एक हजार ओहमची भर पडल्यास तो सुमारें दोन अंश कमी उष्णता दाखवितो. नोव्हेंबर २००९ मध्यें फयान वादळाच्या पावसानंतर केवड्यानें केलेली हानि ज्यांस आठवते, त्यांस अशा खोट्या आंकड्याचें मोल सांगावयास नको.

यास्तव छाटणीपूर्वीं, सप्टेंबर महिन्यांत, पुढील गोष्टी कराव्या. प्रथम वीज व बॅटरी बंद करून जोडणीचें छायाचित्र घ्यावें. सॉकेट काढतांना तार न ओढतां त्याचें अंग धरावें. पिनांवर केवळ मळ असल्यास आयसोप्रोपाइल अल्कोहोल व मऊ ब्रश यांनीं त्या पुसून पूर्ण वाळवाव्या. पॉलिश कागदानें घांसूं नये, कारण त्यानें मुलामाच निघून जातो. हिरवा क्षार धरून पीन खाल्ली गेली असल्यास कनेक्टर बदलणेंच योग्य. नवें सॉकेट पिनेच्याच मुलाम्याचें घ्यावें. सोन्यास कथलाची जोड दिल्यास सांधा लवकर बिघडतो. तारा पेटीच्या तळाकडून आंत घ्याव्या, व आंत शिरण्यापूर्वीं त्यांस खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाईल. पेटीस प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळूं नये. आंतील दमट हवा तेथेंच कोंडते. गंधक धुरळतांना मात्र पेटी तेवढ्या वेळेपुरती झांकावी.

सर्वांत सोपी परीक्षा अशी कीं, दर पंधरवड्यास पानओलावा सेन्सरावर ओलें फडकें ठेवावें, व मोबाइलवर 'ओलें' असा आंकडा येतो कीं नाहीं तें पाहावें. नंतर तो पुसून 'कोरडें' येतें कीं नाहीं, हेंही पाहावें. दोन्ही उत्तरें बरोबर आलीं तरच त्या यंत्राचा सल्ला मानावा. यंत्र शेतकऱ्याचे डोळे वाढवितें हें खरें. परंतु सकाळीं बागेंतून एक फेरी मारण्याचें काम कोणत्याही यंत्राकडे सोंपवितां येत नाहीं.