मोटार तापते का? वारा बाहेर कुठून जातो ते बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

मे महिना, दुपारचे चार, भाईंदरचं खाडीकडचं मोकळं मैदान. माझं फोमचं विमान तिसऱ्या मिनिटाला हवेतच गप्प झालं आणि नाकावर आपटलं. मोटारीला बोट लावलं, तर चटकाच बसला. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. दोन महिन्यांचा पॉकेटमनी गेला हो!

स्वस्तातली मोटार म्हणून मी आधी दुकानदाराला शिव्या घातल्या. पण घोळ मीच घातला होता, बसवताना.

नेहमीची २२१२ आउटरनर घ्या. २२१२ म्हणजे आतला स्टेटर २२ मिलिमीटर रुंद, १२ मिलिमीटर उंच. ती बॅटरीतून १५० वॅट खेचतेय आणि त्यातले तीन चतुर्थांशच पंख्यापर्यंत पोचतायत असं धरलं, तर उरलेले ३७ वॅट म्हणजे निव्वळ उष्णता. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, बघा! आणि निओडिमियमची साधी चुंबकं ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमची दुबळी होऊ लागतात. मग मोटार जळाली नाही तरी करंट जास्त खाते, ताकद कमी देते.

आता माझी चूक. या मोटारीच्या मागच्या बाजूला वाऱ्यासाठी खिडक्या असतात. मी ती प्लायवूडच्या फायरवॉलला अगदी सपाट आवळली, खिडक्या बंद! वर शहाणपणा म्हणून नाकाला दोन मोठी भोकं पाडली, पण मागे वारा जायला एकही नाही. मीरा रोडकरांना हे समजवायला नको: आतले उतरलेच नाहीत, तर फलाटावरचे चढणार कसे? बाहेर जायची वाट आत येणाऱ्या वाटेच्या साधारण दुप्पट ठेवा, ती पोटाखाली मागे काढा. ईएससीसुद्धा त्याच वाऱ्यात ठेवा, फोममध्ये गाडू नका.

मोटार स्पेसर लावून फायरवॉलपासून थोडी उचला. मात्र स्क्रू मोजून घ्या. एम३चा स्क्रू दोन मिलिमीटर जास्त आत गेला, तरी तारांना टेकून शॉर्ट होऊ शकतो. ही चूक लई जण करतात. मोटारीचा उजवीकडे आणि खाली असलेला दोन-तीन अंशांचा कलही स्पेसर लावताना बिघडू देऊ नका.

आणि पंखा! ९ इंची काढून १० इंची लावला, पिच तोच, तर तितक्याच फेऱ्यांना तो जवळपास दीडपट ताकद मागतो. भोकं कितीही पाडा, हा ताप जाणार नाही. आधी वॉटमीटर लावून करंट बघा.

पुढच्या वेळी तसलीच मोटार नीट बसवली आणि दोन मिनिटं उडवून विमान उतरवलं. बॅटरी काढून मोटारीला बोट लावलं. कोमट होती. मग बॅटरी परत जोडली.