मुलांच्या क्रीडांगणाचे तपासनीस

काही वर्षांपूर्वी उमरगा तालुक्यातील एका खेड्यात आम्ही गेलो असता तेथील शाळेच्या अंगणातला झोका दोरीने खांबास करकचून बांधलेला दिसला. शाळेच्या शिपाईमामांनी तो बांधला होता. साखळी ज्या आकड्यात अडकविलेली असते तो आकडा घासून घासून निम्मा उरला होता. खालून पाहणारास मात्र सर्व ठाकठीक दिसे. विशेष हे की, पंधराच दिवसांपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर ‘साधने सुस्थितीत’ असा शेरा सहीनिशी होता. मामांनी शिडी लावून पाहिले, तपासनिसाने लावली नाही, एवढाच काय तो फरक. परंतु ह्या धंद्याची बहुतेक सारी नीती आमच्या मते त्या शिडीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, खेळाची साधने आखणे व तपासणे हेही एक शास्त्र आहे, हे ऐकून तुम्हांस व तुमच्या वडीलधाऱ्यांस नवल वाटेल. अमेरिकेच्या सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोगाने १९८१ साली ह्याविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. युरोपातही साधनांची व त्यांखालील जमिनीची मानके ठरली आहेत. अमेरिकेत तपासनिसांसाठी परीक्षा व मुदतीचे प्रमाणपत्र अशीही सोय आहे.

त्या शास्त्रातील एक गोष्ट पाहा. सहा फुटांवरून पडणारे मूल जमिनीस पोचते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे साडेएकवीस किलोमीटर असतो. तो वेग किती अंतरात थांबतो, त्यावर डोक्यास बसणारा धक्का अवलंबून असतो. खाली फरशी किंवा चोपलेला मुरूम असेल, तर ते अंतर जेमतेम काही मिलिमीटर. मोकळी वाळू असेल, तर काही इंच. अंतर दसपट झाले की धक्क्याचे सरासरी बळ एक दशांशावर येते. म्हणून चार फुटांच्या उंचीसाठी निदान नऊ इंच वाळू असावी, असे अमेरिकेची पुस्तिका सांगते. तसेच, कठड्याच्या गजांतील फट साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान असणे घातक होय. कारण मूल पाय पुढे करून तीतून सरकते, धड पार होते, आणि डोके मात्र अडकते.

ही मापे मुलास ठाऊक नसतात. बाजारात आपण मडके वाजवून घेतो, कापड चुरगळून पाहतो. येथे विकणारा गुत्तेदार, घेणारी शाळा वा नगरपरिषद, पैसा सरकारचा, आणि पडणारे सहा वर्षांचे मूल! ज्याचे डोके फुटावयाचे त्यास ह्या व्यवहारात बोलण्यास जागाच नाही. ती जागा तपासनिसाची आहे. म्हणून ज्याने साधने विकली त्याच्याकडून त्याने एक पैसाही घेऊ नये, आणि जे पाहिले नाही ते ‘पाहिले नाही’ असेच लिहावे.

डोळ्यांस भक्कम दिसणारे भक्कम असतेच असे नाही, हे आमच्या जिल्ह्याइतके कोणास ठाऊक असणार? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, आणि ह्या जिल्ह्यातील सास्तूर व शेजारची गावे क्षणात कोसळली. तेथील दगडमातीच्या भिंती चांगल्या रुंद होत्या. परंतु त्यांच्या आतील व बाहेरील थरांस जोडणारे आरपार दगड बहुधा नसत, आणि वर माळवदाच्या मातीचे ओझे. भिंतीच्या पोटात काय आहे हे तिच्याखाली निजणारास कसे कळावे?

साधने आखणाराने परदेशी चित्र जसेच्या तसे उतरविणे हाही एक आळसच होय. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पायाचे खांब तीत दोन-चार वर्षांत कलतात. वाळू पावसाने घट्ट बसते. ती वरचेवर मोकळी करण्याचे काम कोणाचे, हे आधीच लिहून ठेवले पाहिजे. आणि पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर मांडली, तर वैशाखात ती तवाच होते. कडुनिंबाच्या सावलीत ती उभारण्यास अधिक खर्च येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण असलेच पाहिजे असे ठरविले. वाळू किती खोल असावी, हे त्यात नाही.

तथापि दुसऱ्या टोकाची चूकही आम्ही पाहिली आहे. आपल्या अंगावर काही येऊ नये म्हणून कित्येक तपासनीस दिसेल ते साधन काढून टाकण्यास सांगतात. हे त्याहून सोपे, आणि आमच्या मते तितकेच अप्रामाणिक! चढताना गुडघा खरचटणे हा खेळाचाच भाग आहे. मुलास दिसणारी उंची त्याने स्वतः जोखावी. न दिसणारा झिजलेला आकडा त्याने जोखावा, अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये. ह्या दोहोंतील भेद ओळखणे हेच तपासनिसाचे खरे कसब, आणि ते सहीच्या शिक्क्याने येत नाही.

त्या खेड्यातील झोका पुढे दोन महिने बांधलेलाच होता. मुले रोज मामांच्या मागे लागत, हेडमास्तरांकडे गाऱ्हाणी जात. काही पालकांनीही ‘एवढ्याशा आकड्यापायी!’ म्हणून मामांस बोल लावले. मामा दोरी सोडीनात. अखेर लोहाराकडून नवे आकडे घडवून आले, तेव्हा मामांनी ते स्वतः शिडीवर चढून बसविले, आणि पहिला झोका स्वतःच घेतला. त्यांचे वजन पाच मुलांइतके तरी असावे.