समुद्रातली बुरशी आणि आपल्या पिशव्या

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की चार दिवसांत वर पांढरी बुरशी धरते. तिच्याच एका भाईबंदाचं नाव सध्या आमच्या मंडळींच्या तोंडी आहे. "बुरशी प्लॅस्टिक खाते म्हणे, आता काळजी मिटली!" असं बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून आम्ही जरा खोलात शिरलो.

या बुरशीचं नाव पॅरेंजिओडोन्शियम अल्बम. जीभ अडखळते, तेव्हा आपण नुसतं अल्बम म्हणू. उत्तर पॅसिफिकमध्ये तरंगणाऱ्या कचऱ्यावरून ती मिळवली हॉलंडच्या टेक्सेल बेटावरील सागरसंशोधन संस्थेच्या अॅनिका वाक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. तशी ही बुरशी जुनीच ओळखीची. प्रयोगशाळांत डीएनए वेगळा काढताना वापरतात ते प्रोटीनेज-के नावाचं एन्झाइम हिचंच, आणि ते केसांतलं केराटिनसुद्धा पचवतं. पचनशक्ती दांडगी खरी!

पण ती प्लॅस्टिक खाते हे सिद्ध कसं करायचं? आमच्यासारख्या इंजिनिअरला सगळ्यात आवडला तो हाच भाग. आपल्याकडे लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावून सापळा रचतात ना, तसंच. संशोधकांनी कार्बन-१३ हा जड कार्बन घातलेलं पॉलिथिलीन, म्हणजे आपल्या पिशव्यांचंच प्लॅस्टिक, बुरशीला दिलं. पुढे तोच खुणेचा कार्बन बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला. थोडासा तिच्या अंगी लागला, बाकी बराचसा वायू होऊन गेला.

आता हिशेब. वेग दिवसाला सुमारे ०.०५ टक्के. म्हणजे किलोभर प्लॅस्टिकमागे रोज अर्धा ग्रॅम. हाच वेग टिकला असं धरलं तरी किलो संपायला साडेपाच वर्षं. तेही प्रयोगशाळेत, आणि आधी अतिनील किरणांनी प्लॅस्टिक कमकुवत केलेलं असेल तरच. कोरं प्लॅस्टिक बाईसाहेबांना चालत नाही!

कॅलिफोर्निया आणि हवाईमधल्या एका कचरापट्ट्यात निदान ७९ हजार टन प्लॅस्टिक असावं, असा २०१८ सालचा अंदाज आहे. जगात दर वर्षी नवं तयार होतं ४० कोटी टनांहून जास्त. बुरशी टाक्यांत वाढवून कामाला लावू, असंही कुणी सुचवतं. पण टाकीत घालायला प्लॅस्टिक आधी समुद्रातून उपसावं लागणार, आणि एवढे कष्ट करून ते एकदा हाती आलं की बुरशीवाचून अडतं कुठे?

शिवाय बरंचसं प्लॅस्टिक बुडतं. खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे अल्बमचा तिथे उपयोग नाही. खोल पाण्यातलं प्लॅस्टिक पचवणाऱ्या निराळ्या बुरश्या असाव्यात, असं वाक्समाबाईंना वाटतं.