रेखाकृती द्यावी की प्रश्न?

अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच विद्यार्थ्याच्या हाती कानस येते. लोखंडाचा तुकडा घासून ठरलेल्या मापाचा करावयाचा, लाकडाचा ठरलेला सांधा जुळवावयाचा आणि जर्नलावर सही घ्यावयाची, हा पहिल्या वर्षाच्या कार्यशाळेचा शिरस्ता आहे. त्याने हाताला वळण लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु आकृती शिक्षकांची, माप शिक्षकांचे आणि अखेर साऱ्यांच्या वस्तूही एकसारख्या! मग विद्यार्थ्याने स्वतः ठरविले ते काय?

अमेरिकेतही असाच एक पेच पडला होता. १९५५ च्या ग्रिंटर अहवालानंतर तेथील अभ्यासक्रमांत गणित व विज्ञान यांचा भर वाढला आणि कार्यशाळा मागे पडली. पुढे १९७० नंतरच्या दशकात एम. आय. टी.मध्ये प्रा. वुडी फ्लॉवर्स यांनी यंत्ररचनेच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाला नवे रूप दिले. किरकोळ सामानाचा एकच संच सर्वांना द्यावयाचा, कामगिरीही एकच सांगावयाची. यंत्र मात्र ज्याचे त्याने योजून, बनवून, शेवटी सर्वांसमक्ष स्पर्धेत उतरवावयाचे. सामान तेच, पण यंत्रे निरनिराळी!

'आधी सिद्धांत पक्का होऊ द्या, मग रचना,' असा आक्षेप घेतला जातो. आमचे मत उलट आहे. आपण बांधलेला पुठ्ठ्याचा पूल भाराखाली वाकला, म्हणजेच रुंदी तीच ठेवून तुळईची उंची दुप्पट केल्यास तिचा ताठपणा आठपट का होतो, हे जाणण्याची निकड विद्यार्थ्यास भासते. प्रश्न स्वतःचा झाला की सूत्र पाठ करावे लागत नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या एका विषयाच्या नावातच 'डिझाइन' हा शब्द आहे. तो केवळ नावापुरता राहू नये. पुठ्ठा, बांबू व सुतळी यांना खर्च फारसा नाही. खरी उणीव आहे ती लहान तुकड्यांची आणि शिक्षकांच्या सवडीची. ती संस्थाचालकांनी भरून काढली पाहिजे. त्याचप्रमाणे पहिला प्रयत्न का फसला आणि दुसऱ्यात काय बदलले, या नोंदीलाही गुण असले पाहिजेत. फसण्याची मुभा पुठ्ठ्याच्या पुलावर नाकारली, तर तीच चूक उद्या खऱ्या पुलावर घडेल आणि तिची किंमत समाजाला मोजावी लागेल.